जखमेनंतरचे सुवर्ण : मुरलीकांत पेटकर, एक गोळी आणि ५० मीटर पाणी

(१/१४) धाराशिव जिल्ह्यात खो-खोचे मैदान गावोगावी आढळते. सूर मारून गडी टिपताना, खांबाभोवती वळताना, धावता धावता एकाएकी दिशा बदलताना शरीराचा सारा भार गुडघ्यावर आणि घोट्यावर येतो. एका चुकीच्या वळणाने हंगाम जातो, क्वचित कारकीर्दही. दुखापत झालेल्या खेळाडूचे पुढे काय होते? महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासात या प्रश्नाची दोन अगदी वेगळी उत्तरे सापडतात.

(२/१४) पहिले उत्तर कराडजवळच्या गोळेश्वरचे. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढची ऑलिंपिक स्पर्धा १९५६ मध्ये मेलबर्नला होती. गुडघ्याच्या दुखापतीने खाशाबांची ती वाट अडवली आणि त्यांची ऑलिंपिक कारकीर्द तेथेच थांबली.

(३/१४) दुसरे उत्तर तेथून फार दूर नसलेल्या, सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकर यांचे. १९४४ चा जन्म. लहान वयातच ते लष्करात दाखल झाले आणि ईएमई दलात असताना मुष्टियोद्धा म्हणून नावारूपाला आले. १९६४ मध्ये टोकियो येथील सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेत ते उतरले होते. त्या वेळी त्यांचे वय होते जेमतेम वीस.

(४/१४) पुढच्याच वर्षी भारत-पाक युद्ध पेटले. १९६५ च्या त्या युद्धात पेटकरांना अनेक गोळ्या लागल्या. त्यांतली एक पाठीच्या कण्यापाशी रुतून राहिली. दीर्घकाळ ते शुद्धीवर नव्हते. शुद्धीवर आले तेव्हा कमरेखालचे शरीर लुळे पडले होते. मुष्टियुद्ध कायमचे संपले.

(५/१४) या जखमेचा अर्थ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक रुग्ण फार काळ जगत नसत. मृत्यू प्रत्यक्ष जखमेने येत नसे. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांनी येई. संवेदना नसलेल्या त्वचेवर सतत दाब पडे, ती कुजे, आणि रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नसे.

(६/१४) हे चित्र बदलण्यात मोठा वाटा डॉ. लुडविग गुटमन यांचा. नाझी जर्मनीतून १९३९ मध्ये इंग्लंडला आश्रयास आलेले हे ज्यू मज्जातंतू-तज्ज्ञ. १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात त्यांच्याकडे मज्जारज्जू विभाग सोपवण्यात आला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, दिवस असो वा रात्र, हा त्यांचा दंडक. उपाय अगदी साधा. त्याने असंख्य प्राण वाचले.

(७/१४) गुटमन यांचे दुसरे औषध होते खेळ. २९ जुलै १९४८ रोजी, म्हणजे लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात १६ जखमी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. त्यांत स्त्रियाही होत्या. खेळाने खांदे आणि हात बळावतात, तोल सावरतो आणि रुग्ण पुन्हा चारचौघांत येतो, ही त्यांची धारणा. पॅरालिंपिकचा उगम या आवारात आहे.

(८/१४) पेटकरांवर मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात उपचार झाले, आणि तेथे त्यांना पोहण्याचा सल्ला मिळाला. पाणी शरीराचा बराचसा भार स्वतःवर घेते. जमिनीवर न हलणारा देह पाण्यात हलू शकतो. मात्र निर्जीव पाय खाली ओढतात, म्हणून पुढे सरकण्याचे सारे काम खांद्यांना आणि दंडांना करावे लागते. मुष्टियोद्ध्याने वर्षानुवर्षे कमावलेले नेमके हेच दोन अवयव शाबूत होते.

(९/१४) १९६८ मध्ये तेल अवीव येथील पॅरालिंपिकमध्ये भारताने प्रथमच भाग घेतला. पेटकर त्या चमूत होते, पण टेबल टेनिसपटू म्हणून. परदेशवारीचा खर्च हा तेव्हाच्या दिव्यांग खेळाडूंपुढचा मोठा अडसर असे. माजी कसोटीपटू विजय मर्चंट यांनी दिव्यांगांसाठी मोठे काम केले. पेटकरांनाही त्यांचे साहाय्य लाभले.

(१०/१४) १९७२ चे ऑलिंपिक म्युनिकला झाले, पॅरालिंपिक मात्र हायडेलबर्गला. कारण घरांचे होते : म्युनिकचे क्रीडाग्राम स्पर्धेनंतर खाजगी निवासस्थानांत रूपांतरित व्हायचे होते. हायडेलबर्गला पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत ३७.३३ सेकंदांत पूर्ण केली. विश्वविक्रम आणि सुवर्णपदक. भालाफेक व व्हीलचेअर स्लॅलम या प्रकारांतही ते उतरले होते.

(११/१४) हे भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. दुसऱ्यासाठी देशाला २००४ पर्यंत, देवेंद्र झाझडिया यांच्या अथेन्समधील भालाफेकीपर्यंत, थांबावे लागले. ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक भारतीय सुवर्ण तर अभिनव बिंद्रा यांचे, २००८ चे. ते पेटकरांच्या सुवर्णानंतर ३६ वर्षांनी आले.

(१२/१४) शरीर सात वर्षांत स्पर्धेच्या शिखरावर पोहोचले. मान्यता मिळायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागला. पेटकरांनी पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरी केली. १९८० च्या दशकात अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी केलेला अर्ज फेटाळला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. २०२४ मध्ये ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला, आणि जानेवारी २०२५ मध्ये अर्जुन जीवनगौरव पुरस्कार. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो तर मरणोत्तर.

(१३/१४) अशा चरित्रांचे सार सहसा ‘जिद्द’ या एका शब्दात सांगितले जाते. जिद्द होतीच, ती खाशाबांकडेही होती. पण पेटकरांच्या पुनरागमनात लष्करी रुग्णालय होते, पोहण्याचा सल्ला देणारे जाणते उपचारक होते, जखमी देहासाठी आखलेली स्पर्धा होती, प्रवासाला हात देणारे कुणी होते आणि नंतर पोटापाण्याची नोकरी होती. यांतील एक कडी निखळती, तरी हायडेलबर्गचा तलाव दूरच राहिला असता.

(१४/१४) आता पुन्हा धाराशिवकडे. येथील सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला खो-खो संघाने २०१६ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. ओढगस्तीच्या काळात एकवेळच्या जेवणावर दिवस काढल्याचे त्यांनीच सांगितले आहे. फाटलेला स्नायू आणि मोडलेले हाड सांधायला शरीराला पुरेसे अन्न लागते, विश्रांती लागते, जाणता उपचारक लागतो. त्यामुळे या मैदानावर सूर मारणारी मुलगी पडली, तर तिच्या जिद्दीची परीक्षा सुरू होण्याआधी एक साधा प्रश्न उभा राहतो : तिला उचलायला कोण आहे, आणि पुढचे सहा महिने तिच्या ताटात काय असेल?