निरसन आणि पूर्वस्थिती : नीरेकाठच्या रामोशी समाजाच्या संदर्भात

एखादा अधिनियम निरसित झाला म्हणजे त्याच्या आधीची स्थिती आपोआप परत येते, असा सामान्य समज आहे. विधिशास्त्राला तो मान्य नाही. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या सहाव्या कलमानुसार, विधिमंडळाचा निराळा उद्देश दिसून येत नसेल तर, निरसनाच्या वेळी जे अस्तित्वात नव्हते ते निरसनाने पुनरुज्जीवित होत नाही. निरसित कायद्यान्वये जे घडून गेले तेही पुसले जात नाही. या नियमाचा अर्थ खंडाळा तालुक्यासारख्या प्रदेशात अधिक स्पष्ट होतो.

उत्तरेस नीरा आणि दक्षिणेस खंबाटकीचा घाट यांच्यामधील या मुलुखात, तसेच नदीपलीकडील पुरंदरात, रामोशी हा गावगाड्याचा राखणदार होता. रात्रीची गस्त घालावी, चोराचा माग काढावी आणि माग गावाच्या शिवेबाहेर नेता आला नाही तर नुकसानीचा जाब द्यावा, असे त्याचे काम. त्याबद्दल बलुते वा इनाम जमीन मिळे. १८१८ नंतर गडकिल्ल्यांवरील चाकरी गेली. उमाजी नाइकांचा उठाव याच असंतोषातून उभा राहिला. १८३२ मध्ये त्यांना पुण्यात फाशी देण्यात आली. पुढे पगारी पोलिसांची व्यवस्था आली आणि राखणदारी उत्तरोत्तर निःसत्त्व होत गेली.

याच काळात गुन्हेगार जमातींचा कायदा (१८७१) झाला. १९११ मध्ये त्याची व्याप्ती सर्व ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढली आणि १९२४ मध्ये तो नव्याने संकलित झाला. जाहीरनाम्याने संपूर्ण जमात संशयित ठरे, आणि त्या जाहीरनाम्याच्या वैधतेस न्यायालयात आव्हान देता येत नसे. नोंदणी झालेल्यास ठराविक वेळी हजेरी द्यावी लागे. जो कालपर्यंत चोराचा माग काढीत होता, त्याच्याच समाजावर आता पाळत बसली. (सर्वच रामोशी नोंदले गेले असा याचा अर्थ नव्हे, बट्टा मात्र समाजास लागला.)

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा निरसित झाला. त्यामुळे हजेरी थांबली आणि जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आहेत. परंतु राखणदारी परत आली नाही, तिच्यामागील बलुतेही नाही. ते या निरसनाच्या कक्षेतच नव्हते. उलट, सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी, मुंबई राज्यात १९५९ च्या अधिनियमाने, नोंदणीचे तत्त्व जमातीऐवजी व्यक्तीस लागू केले. तत्त्वतः हा फरक मोठा आहे. व्यवहारात जुनी ओळख किती लवकर मिटते, हा प्रश्न उरलाच. काही राज्यांच्या तुरुंग नियमपुस्तिकांत विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगारांशी जोडणारा मजकूर टिकून होता, आणि त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निर्णय द्यावा लागला. कायदा निरसित होऊन तोवर बहात्तर वर्षे झाली होती.