होलिस्टिक

वस्तूचे स्वरूप तिच्या भागांच्या बेरजेने ठरत नाही, भागांमधील परस्परसंबंधांनी ठरते, असे मानणाऱ्या दृष्टीचे विशेषण. ‘होलिझम’ हे नाम दक्षिण आफ्रिकेचे मुत्सद्दी यान स्मट्स (१८७०–१९५०) यांनी ‘होलिझम अँड एव्होल्यूशन’ (१९२६) या ग्रंथात प्रचारात आणले. गांधीजींच्या तिथल्या सत्याग्रहाचे प्रतिपक्षी ते हेच. होलिझमच्या विचाराचा स्मट्स यांच्या वर्णभेदी राजकारणाशी संबंध किती, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. शब्दाचे मूळ ग्रीक ‘होलॉस’, म्हणजे सगळा. संस्कृत ‘सर्व’ त्याच कुळातला. त्याच अर्थाचा इंग्रजी ‘होल’ मात्र उच्चाराने जुळत असला तरी निराळ्या मुळाचा आहे.

मराठीत ‘समग्र’ व ‘सर्वांगीण’ हे पर्याय रूढ आहेत. त्यांपैकी ‘सर्वांगीण’ अपुरा पडतो, कारण तो अंगे मोजतो, त्यांच्यातले नाते सांगत नाही. हा फरक जालना तालुक्यातील कडवंचीच्या पाणलोटात स्पष्ट दिसतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली मराठवाडा शेती सहाय्य मंडळ व खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांनी तिथे काम केले. विजयअण्णा बोराडे यांचे मार्गदर्शन त्याला लाभले. बांधबंदिस्ती, समतल चर, नालाबांध ही सारी कामे सुटी सुटीही करता येतात आणि त्यांची यादी ‘सर्वांगीण’ म्हणवूनही घेता येते. पण माथ्यावर चर नसतील, तर वाहून आलेल्या मातीने खालचा बांध गाळाने भरतो. म्हणून क्रम माथा ते पायथा. हे केवळ अभियांत्रिकीचे शहाणपण आहे, त्याला समग्र कशाला म्हणायचे, असा आक्षेप येईल. परंतु कार्यक्रमाच्या अटींत चराईबंदी व कुऱ्हाडबंदी होती. माथ्यावरचे गवत वाचवायचे, तर पायथ्याच्या गुराख्याला जनावरे बांधून चारावी लागतात. म्हणजे पाण्याच्या हिशेबात गावातली माणसे येतातच, आणि अभियंत्याच्या नकाशात ती नसतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुढे इथे द्राक्षबागा व शेततळी वाढली. सामाईक भूजलावर खाजगी तळी भरली, तर समग्रता उरते कुठे? हा प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारता येतो तो पाणलोट हे एकक मानले म्हणूनच. सातबाऱ्यावरच्या एकेका गटापुरते पाहिले, तर भरलेले तळे हे निखळ यशच ठरते.

वैद्यक : रोगाऐवजी रोग्याचा एकत्रित विचार, या अर्थी.

शिक्षण : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर ‘समग्र प्रगती पत्रक’ ही संज्ञा.