पूर्वजांचे काय? : ख्रिस्ती नरककल्पनेच्या इतिहासातील एक जुना प्रश्न

'ख्रिस्तपुराण' शिकविताना वर्गात एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये राशोल येथे छापलेल्या या ओवीबद्ध ग्रंथात स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द योजिला आहे. शब्दांच्या या देवघेवीविषयी आम्ही बोलत असतो, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारते, "पण सर, ज्यांनी येशूचे नावही ऐकले नव्हते, ते मेल्यावर कुठे गेले?" पूर्वी आम्ही हा प्रश्न धर्मशास्त्राचा म्हणून बाजूला सारीत असू. आता तसे करीत नाही. ख्रिस्ती नरककल्पनेला जी वळणे मिळाली, त्यांतली बरीचशी याच प्रश्नापाशी मिळाली, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न किती जिव्हारी लागणारा असू शकतो, हे सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या एका पत्रावरून कळते. झेवियर १५४२ मध्ये गोव्यास आले आणि १५४९ मध्ये जपानला गेले. तेथून परतल्यावर २९ जानेवारी १५५२ रोजी त्यांनी कोचीनहून युरोपातील सहकाऱ्यांस सविस्तर हकीकत लिहिली. देव जर दयाळू आहे, तर त्याने आमच्या वाडवडिलांना आपली ओळख का करून दिली नाही, असे यामागुचीचे लोक विचारीत. चोरी-हत्या वाईट हे शिकविणारा नियम देवाने प्रत्येकाच्या अंतःकरणात आधीच कोरला आहे, हे झेवियरांचे उत्तर. त्याने अनेकांचे समाधान झाले. परंतु बाप्तिस्मा घेतलेल्यांचा पुढचा प्रश्न अधिक कठीण होता. प्रार्थनेने वा दानधर्माने पूर्वजांना नरकातून सोडविता येईल काय? झेवियरांनी नाही म्हणून सांगितले. ते ऐकून माणसे रडली. प्रिय मित्रांना रडताना पाहून आपल्यालाही दुःख झाले, असे झेवियर लिहितात. पितृपक्ष पाळणाऱ्या समाजात वाढलेल्या वाचकाला हे अश्रू समजावून सांगावे लागत नाहीत.

झेवियरांच्या उत्तरातील ही कठोरता आली कोठून? मुळात बायबलमध्ये 'नरक' या अर्थाचा एकच एक शब्द नाही. हिब्रू 'शेओल' म्हणजे बऱ्यावाईट सर्वच मृतांचे अंधुक वसतिस्थान. त्याचे ग्रीक भाषांतर 'हेडीस'. 'गेहेन्ना' हे मात्र जेरुसलेमजवळच्या हिन्नोमच्या दरीचे नाव. तेथे मुलांना अग्नीत होमल्याचा कलंक होता. त्यावरून ती अंतिम शिक्षेच्या अग्नीची खूण झाली. मराठी बायबलातील 'अधोलोक' आणि 'नरक' या दोन शब्दांत हा भेद काहीसा टिकून आहे. आत्म्याचेही तसेच. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींची मुख्य आशा होती ती शेवटच्या दिवशी होणाऱ्या देहाच्या पुनरुत्थानाची. देहावेगळ्या अमर आत्म्याची कल्पना ग्रीक तत्त्वचिंतनाच्या सहवासात बळावली. मग मरण आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या काळात आत्मा कोठे असतो, हे सांगणे भाग पडले. जिवंतांच्या प्रार्थनेला वाव मिळाला तो याच मधल्या काळात.

त्याचे एक हृद्य उदाहरण कार्थेजचे आहे. २०३ मध्ये तेथे हौतात्म्य पत्करलेल्या पर्पेतुआ या तरुणीने तुरुंगातली टिपणे मागे ठेवली. तिचा धाकटा भाऊ दिनोक्रातीस सातव्या वर्षी चेहऱ्यावरच्या असाध्य व्रणाने वारला होता. तो तहानलेला, पण पाण्याच्या कुंडापर्यंत हात न पोहोचणारा असा तिला स्वप्नात दिसला. तिने रात्रंदिवस प्रार्थना केली. पुढच्या स्वप्नात कुंडाचा काठ खाली आला होता, आणि मुलगा पाणी पिऊन खेळत होता. या कथेने पुढे सेंट ऑगस्टिन यांना अडचणीत टाकले. बाप्तिस्म्याविना मेलेली बालकेदेखील मुक्तीस पात्र नाहीत, असे त्यांचे मत. तेव्हा दिनोक्रातीसचा बाप्तिस्मा झालेला असावा आणि त्यानंतर त्याच्या हातून काही पाप घडले असावे, असा तर्क त्यांनी लढविला. तेच ऑगस्टिन आपल्या आत्मकथनात मृत आईसाठी प्रार्थना करतात. अर्थात त्यांच्या आईचा बाप्तिस्मा झालेला होता.

मध्ययुगाने या दोन टोकांच्या मध्ये जागा निर्माण केल्या. ज्याक ल गॉफ या फ्रेंच इतिहासकाराने १९८१ च्या आपल्या ग्रंथात असे दाखविले की, शुद्धिस्थान अशा अर्थाचे 'पर्गेटोरियम' हे नाम बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातच रूढ झाले. शुद्धीची कल्पना जुनीच होती. आता तिला स्वतंत्र स्थळ मिळाले. बाप्तिस्म्याविना मेलेल्या बालकांसाठी नरकाच्या कडेला 'लिंबो' आले. या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थच काठ, किनार असा आहे. दांते यांनी आपल्या महाकाव्यात व्हर्जिल या गुरुतुल्य कवीला तेथेच ठेवले. तेथे यातना नाहीत, पण आशाही नाही. त्याच काव्याच्या स्वर्गखंडात, एकोणिसाव्या सर्गात, दांते आपल्या दारापर्यंत येतात: सिंधूच्या तीरी जन्मलेला, सदाचरणी, परंतु ख्रिस्ताविषयी ज्याला सांगणारे कोणीच नव्हते, अशा माणसाला दोषी ठरविणारा न्याय कोणता? उत्तर मिळते ते असे की, ईश्वरी न्याय मानवी दृष्टीच्या पलीकडचा आहे. आणि लगेच पुढच्या सर्गात रिफेउस नावाचा एक ट्रॉयवासी, ख्रिस्तपूर्व योद्धा स्वर्गात आढळतो. जे विधानाने सांगता येत नव्हते, ते दांते यांनी एका पात्राच्या जागेवरून सुचविले.

धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंटांनी शुद्धिस्थान नाकारले. त्याबरोबर मधली जागा गेली, आणि उरले स्वर्ग व नरक. त्यामुळे हा प्रश्न अधिक धारदार झाला, आणि एकोणिसाव्या शतकात तो थेट अहमदनगराशी जोडला गेला. 'स्मृतिचित्रे'च्या वाचकांना डॉ. ह्यूम हे नाव परिचित आहे. मुंबईत जन्मलेले रॉबर्ट ॲलन ह्यूम १८७४ पासून अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. १८८६ मध्ये रजेवर अमेरिकेस गेले असता त्यांनी अँडोव्हर येथे असे मत मांडले की, ज्यांना हयातीत ख्रिस्त कळलाच नाही, त्यांना मरणोत्तर संधी मिळेल अशी आशा बाळगण्यास मोकळीक असावी; याच्या उलट आग्रह धरल्याने हिंदुस्थानातील कामाला बाधाच येते. मिशनच्या चालक मंडळाने त्यांचे परतणे रोखून धरले. वादंग माजला. अखेर १८८७ मध्ये त्यांना परवानगी मिळाली. झेवियरांपुढे रडलेल्या माणसांचा प्रश्न सुमारे तीनशे पस्तीस वर्षांनी एका मिशनऱ्यानेच आपल्या वरिष्ठांपुढे ठेवला, असे आम्ही याकडे पाहतो.

कॅथलिक चर्चही तेथेच थांबले नाही. स्वतःचा दोष नसता ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, पण जे प्रामाणिक अंतःकरणाने ईश्वराचा शोध घेतात, त्यांना तारण मिळू शकते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटले. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने बाप्तिस्म्याविना मेलेल्या बालकांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ आधार आहे, असा निष्कर्ष काढला. आयोगाची भाषा आशेची आहे, खात्रीची नाही. तरीही यामागुचीत मिळालेल्या उत्तराहून ती फार वेगळी आहे.

म्हणून 'ख्रिस्तपुराणा'तील 'वैकुंठ' या शब्दापाशी आम्ही आता विद्यार्थ्यांना थोडे थांबवितो. धर्मांतरितांच्या कानी पडलेला तो शब्द त्यांच्या पूर्वजांचाच होता. पूर्वज मरताना त्याच शब्दाची आस धरून गेले होते. आता तो शब्द नव्या घरात आला होता, आणि त्या घरात पूर्वजांना प्रवेश होता की नाही, हे शब्दावरून कळत नव्हते. अशा श्रोत्याला तो शब्द ऐकून दिलासा वाटला असेल, की जुनी जखम पुन्हा दुखली असेल? भाषांतरविचारात आपण प्रतिशब्द अचूक आहे की नाही एवढेच सहसा पाहतो. तो ऐकणाऱ्याच्या घरातली मृत माणसेही विचारात घ्यावी लागतात, हे मागच्या बाकावरच्या त्या प्रश्नाने आम्हांस शिकविले.