जागलीची हाक

मेहकरहून लोणारला निघाले की वाटेत आमचे सुलतानपूर लागते. माझ्या लहानपणी दिवाळीच्या सुमारास ज्वारी दाण्यात भरू लागली, की घरोघरचे पुरुष रात्री शेतावर जागलीला जात. रानडुकरांचा कळप एकदा आत शिरला की तासाभरात वर्षाची भाकरी आडवी होई. आमची दोन वावरे होती. एकात वडील असत आणि मधला नाला ओलांडून पलीकडच्या वावरात, माळ्यावर, थोरला दादा आणि मी. थोड्या थोड्या वेळाने वडिलांची हाक येई, "जागा हायेस काय रे?" दादा उत्तर देई, "हाव!"

एका रात्री असे कितीतरी वेळा हाक आली, तितक्या वेळा 'हाव' गेले, आणि सकाळी पाहतो तर नाल्याकडची सगळी तासे लोळवलेली! दादाने त्या दिवशी जो मार खाल्ला तो मी विसरलेलो नाही. "रातभर हाव हाव म्हनत होता, मंग डुकरं काय आभाळातून पडली?" असे वडील विचारत होते, आणि दादा शपथेवर सांगत होता की आपल्याला एकही हाक आठवत नाही. दोघेही खरेच बोलत होते. दादा झोपेतच ओ देत होता. जिभेला सवय झाली होती. डोळ्यांचा त्यात संबंध नव्हता.

ही गोष्ट मी साठ वर्षे मनात ठेवली होती. मागल्या दिवाळीला दादाची मुलगी पुण्याहून गावी आली. दादा आता नाही. घरात फराळाची धांदल, आणि ही पोर मध्यरात्री ओसरीवर मांडीवरचा संगणक उघडून बसलेली. "काय गं, झोपत का नाहीस?" म्हटले, तर म्हणाली, "काका, आमची कामं जिवंत आहेत की नाहीत ते बघतेय." मी शेजारी बसलो, आणि तिच्याकडून जो इतिहास ऐकला, नंतर स्वतः वाचून पडताळला, तो वाचकांना सांगावासा वाटतो.

आपण दुकानात फोनवरून पैसे देतो, कुणी रेल्वेचे तिकीट काढतो, कुणाची मोटार चालता चालता आपला ठावठिकाणा कळवते. अशी प्रत्येक गोष्ट म्हणजे एक नोंद. या नोंदींचा ओघ रात्रंदिवस वाहतो. तो एका यंत्राला पेलत नाही, म्हणून शेकडो यंत्रे तो वाटून घेतात. त्यांतले एखादे रोजच कुठेतरी बंद पडायचे, हे गृहीतच धरलेले असते. ते बंद पडले हे दुसऱ्यांना कळावे कसे? उशिरा कळले तर नोंदी तुंबतात. उगाच 'मेले' म्हणून त्याचे काम दुसऱ्याला दिले, तर तीच नोंद दोनदा हिशेबात येण्याचे भय.

संगणकापूर्वीही हा प्रश्न होताच. मुंबईच्या लोकलचा मोटरमन जी मूठ दाबून धरतो, तिला 'डेड मॅन्स हँडल' म्हणतात. हात सुटला की ब्रेक लागतात. मात्र ती मूठ हाताची खबर देते, डोळ्यांची नव्हे.

संगणकशास्त्रात या प्रश्नाचे मूळ शोधणारा निबंध 1985 साली फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी प्रसिद्ध केला. निरोप पोहोचायला किती वेळ लागेल याची काहीच शाश्वती नसेल, तर एक जरी यंत्र मरण्याचा संभव असला तरी बाकीच्यांचे एकमत नक्की होईलच अशी रीत बसवता येत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. त्याचे मर्म असे, की मेलेला कोण आणि नुसता मंद कोण, हे लांबून ओळखता येत नाही. पुढे 1996 साली तुषार चंद्रा आणि सॅम टुएग यांनी तोडगा सुचवला: चुकणारा पहारेकरी चालेल, पण त्याच्या चुका कायमच्या राहू नयेत. शंका घ्या, चूक दिसली तर मागे घ्या. मला हे फार माणुसकीचे गणित वाटते. 2004 साली गूगलच्या डीन आणि घेमावत यांनी आपल्या 'मॅपरिड्यूस' या योजनेचे वर्णन केले. त्यात मुख्य यंत्र कामकरी यंत्रांना ठरावीक वेळाने साद घालते. उत्तर आले नाही तर ते काम दुसऱ्याकडे जाते. म्हणजे नाल्यापलीकडून येणारी आमच्या वडिलांची हाकच!

आता यात एक मराठी नाव येते. नेहा नारखेडे पुण्यात वाढल्या, पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीत शिकल्या आणि पुढे अमेरिकेला गेल्या. तिथे लिंक्डइन कंपनीत जे क्रेप्स आणि जुन राव यांच्यासह त्यांनी नोंदींचा ओघ वाहून नेणारी 'काफ्का' ही प्रणाली घडवली, आणि 2011 साली ती सर्वांसाठी खुली झाली. तिचे नाव लेखक काफ्कावरून ठेवले आहे. पुतणी याच काफ्कावर काम करते.

काफ्काच्या 2015 सालच्या आवृत्तीत अशी सोय होती की कामकरी पुढच्या नोंदी घ्यायला येई तेव्हाच 'मी आहे' ही त्याची खूण पोहोचे. या खुणेला हृदयाचा ठोका म्हणतात. आता गंमत पाहा. एखादे काम जड निघाले, त्याला वेळ लागला, की ठोका चुके. कामकरी घाम गाळत असताना त्याला मृत ठरवून ते काम दुसऱ्याला दिले जाई. दुसराही त्याच जड कामात अडके, मग तोही 'मृत'. सगळे जिवंत, सगळे राबताहेत, आणि काम मात्र तिळभर पुढे सरकत नाही!

म्हणून 2016 साली सुधारणा झाली. काम एकाने करावे आणि ठोका त्याच कामकऱ्याच्या पोटातल्या वेगळ्या धाग्याने द्यावा. तीन सेकंदांना एक ठोका, हा प्रघात. पण मग उलटाच धोका उभा राहिला. काम करणारा अडकून पडला, तरी ठोका देणारा आपला देतच राहणार. पुतणी हे सांगत असताना माझ्या अंगावर काटा आला. हे तर दादाचे 'हाव'! म्हणून त्याच सुधारणेत दुसरी अट घातली गेली: ठोके येवोत न येवोत, पाच मिनिटांत पुढच्या नोंदी मागायला आला नाहीस तर तुझे काम दुसऱ्याला. ठोका थांबल्यावर किती वाट पाहावी, याचा मात्र अजून कोणी कायमचा निवाडा केलेला नाही. काफ्कात ती मुदत बरीच वर्षे दहा सेकंद होती, 2021 साली पंचेचाळीस केली.

नेथन मार्झ यांच्या 'स्टॉर्म'ने, 2011 मध्येच, वेगळी वाट धरली होती. कामकऱ्याला विचारूच नये, नोंद मोजावी. प्रत्येक नोंदीला एक मोठा आकडा द्यायचा. नोंद निघताना तो एका बेरजेत घालायचा, काम संपल्यावर पुन्हा तोच घालायचा. ही बेरीज अशी खुबीची, की एकच आकडा दोनदा आला की नाहीसा होतो. शेवटी शून्य उरले तर सगळे पार पडले. तीस सेकंदांत शून्य झाले नाही, तर नोंद पुन्हा पाठवायची.

पुतणी स्वतः पाहत होती ते आणखी साधे होते. नोंदींना ओळीने क्रमांक असतात. शेवटची आलेली कितवी, शेवटची हातावेगळी झालेली कितवी, यांतले अंतर वाढत चालले की समजावे, कामकरी 'हाव' म्हणतोय पण मागे पडतोय. तिने लगेच बजावले, "पण काका, अंतर शून्य दिसलं म्हणून निजायचं नसतं. कधी कधी वरून ओघच आटलेला असतो."

मग मी तिला तिच्या वडिलांची गोष्ट सांगितली. तिने ती कधीच ऐकली नव्हती. दादाने सांगितली नव्हती. त्या मारानंतर चार दिवसांनी आमच्या वडिलांनी हाक बदलली होती, तेही सांगितले. "जागा हायेस काय" हे विचारणे त्यांनी सोडून दिले. नाल्यापलीकडून आवाज येई, "तिकांडं कुठं आलं रे?" आता उत्तर द्यायचे तर आभाळाकडे पाहायलाच हवे. दादा म्हणे, "लिंबाच्या शेंड्यावर!" पहाटे वडील स्वतः येऊन नाल्याकडच्या धाटांवरून हात फिरवीत जात, ते वेगळेच.

पोर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या रात्री तुम्हीपण माळ्यावर होता ना, काका? तुम्ही जागे होतात?"

"नाही गं," मी म्हटले. "मी तर ओ सुद्धा देत नव्हतो. म्हणून मार दादाला बसला."

तिने संगणक मिटला, आणि आम्ही दोघे अंगणात उतरलो. तिकांडं लिंबाच्या बरेच वर आले होते.