दात घेऊन जन्मलेली मुलं

बाळाला पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. वरचा आधी आला तर मामाला वाईट, असं आपल्याकडे म्हणतात (समस्त मामांनी यावर एकदा मोर्चा काढायला हवा). पण काही बाळं चक्क दात घेऊनच जन्माला येतात. दोन-तीन हजारांत एखादं. बहुतेकदा खालचे, अगदी पुढचे दात. आणि हे जादाचे नसतात बरं का. बहुतेक वेळा नेहमीचेच दुधाचे दात, फक्त घाईने उगवलेले.

आता या घाईचा अर्थ लोकांनी कसा लावला बघा.

पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी काही उदाहरणं देतो. एक मानियस क्युरियस. दात घेऊन जन्मला म्हणून नाव पडलं डेंटाटस, म्हणजे दातवाला. हा पुढे सेनापती झाला, इ.स.पू. २७५ मध्ये पिऱ्हसशी लढला. दुसरी व्हॅलेरिया. दात तेच, पण मुलगी! ज्योतिषी म्हणाले, ही जिथे जाईल ते शहर बुडेल. मग तिची रवानगी सुएसा पोमेशिया नावाच्या भरभराटीच्या गावी केली. म्हणजे अपशकुन टाळला नाही, शेजाऱ्यांकडे ढकलला. प्लिनी म्हणतो, ते शहर खरंच बुडालं. पण लिव्हीचा इतिहास उघडला तर ते लुटणारा राजा निघतो रोमचाच, टार्क्विन! व्हॅलेरियाचं पुढे काय झालं, हे प्लिनी सांगायच्या भानगडीत पडत नाही.

इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डची केस तर आणखी भारी. जॉन राउस नावाच्या पाद्र्याने रिचर्ड गादीवर असताना त्याचं तोंडभर कौतुक लिहिलं. १४८५ मध्ये रिचर्ड लढाईत मेला, ट्यूडर घराणं आलं, आणि त्याच राउसने नवं व्हर्जन काढलं: म्हणे हा दोन वर्षं आईच्या पोटात होता, आणि बाहेर आला तो तोंडात दात आणि खांद्यापर्यंत केस घेऊन. शेक्सपिअरने ते दात नाटकात घेतले, मग काय, कायमचेच चिकटले. आधी निकाल, मग पुरावा.

फ्रान्सचा चौदावा लुई १६३८ मध्ये दोन दात घेऊन जन्मला. दूध पाजणाऱ्या दायांचे हाल झाले. स्वीडनचा पॅरिसमधला राजदूत ग्रोशियस याने लिहून कळवलं की शेजाऱ्यांनी या दातांपासून सावध राहावं. लुईने पुढे ७२ वर्षं राज्य केलं आणि शेजाऱ्यांशी भरपूर लढाया केल्या, म्हणून ते वाक्य भविष्यवाणी ठरलं. हॉलंडवर चाल करायला दुधाचे दात लागत नाहीत, पण असो.

आज डॉक्टर फक्त दात हलतोय का, जिभेला जखम होतेय का, आईला त्रास होतोय का, एवढंच बघतात. नाहीतर राहू देतात. कारण तो दुधाचाच दात. उपटला तर तिथे सहा-सात वर्षांपर्यंत खिंडार.