रविवार कोणाचा?



आपल्या घरातला रविवार तुम्हाला वेगळा सांगायला नको. सकाळी सामायिक, मग व्याख्यान, नातवंडांना पाठशाळेत सोडणं. येताना कापड बाजारात एक चक्कर, कारण लग्नसराई तोंडावर असते आणि देण्याघेण्याच्या साड्या संपलेल्या असतात. वाटेत एखाद्या आजारी भुवाजींची विचारपूस. दुपारी सगळे घरी, म्हणून दाल-बाटी आणि गट्ट्याची भाजी. चार वाजता पाहुण्यांचा फोन, आणि चौविहार करणारे असतील तर सूर्यास्ताच्या आत सगळी ताटं उठली पाहिजेत. या दिवसाला सगळे सुट्टी म्हणतात. ही सुट्टी आली कुठून, ते मी सध्या वाचते आहे. सापडलं ते तुमच्यासमोर ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे जुना हिशोब वाराचा नव्हताच, तिथीचा होता. बीज, पंचमी, आठम, अकरस, चौदस. आगमांमध्ये पर्वदिवस सांगितले आहेत तेही तिथीनेच. वारासकट तारीख लिहिलेला भारतातला सर्वात जुना ज्ञात शिलालेख मध्य प्रदेशात एरण इथे आहे, इसवी सन ४८४ चा, आणि त्यातला वार गुरुवार आहे. म्हणजे वार आपल्याकडेही जुनेच, पण वाराने सुट्टी घ्यायची ही कल्पना फार नंतरची.

वाराचा उपयोग होता तो बाजारासाठी. आजही आपल्या जिल्ह्यात काष्टीचा शनिवार, घोडेगावचा शुक्रवार, लोणीचा बुधवार म्हटलं की पुढे 'बाजार' म्हणावं लागत नाही. आपल्या पूर्वजांसाठी, म्हणजे मारवाडातून येऊन इथल्या खेड्यापाड्यात दुकान आणि देणंघेणं करणाऱ्यांसाठी, बाजारचा दिवस सर्वात जास्त कामाचा. कधी तो भीतीचाही असे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी भरल्या बाजारात शेतकऱ्यांचा राग उसळला, सावकारांची दुकानं-घरं फुटली, खतं आणि वह्या जाळल्या गेल्या, आणि तो वणवा आपल्या पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत आला. त्यावर सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ चा कायदा केला. तो विषय मोठा आहे आणि त्यात आपल्या समाजानेही स्वतःला विचारण्यासारखं पुष्कळ आहे. त्यावर वेगळं लिहीन.

नगरमध्ये रविवार पाळला जाताना लोकांनी प्रथम पाहिला तो मिशनमुळे आणि छावणीमुळे. किल्ला इंग्रजांनी १८०३ मध्ये घेतला. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये इथे ठाणं मांडलं, आणि 'ज्ञानोदय' हे त्यांचं पत्र १८४२ मध्ये नगरमधूनच निघालं. त्यांचा रविवार प्रार्थनेचा. साहेबाची कचेरी बंद म्हणून कारकुनाची सुट्टी. पण ती कारकुनाचीच! दुकानदाराला, हमालाला, शेतमजुराला तिचा काही संबंध नव्हता.

राबणाऱ्या माणसाला रविवार मिळाला तो मागून, आणि मागणारा आपला मराठी माणूस होता. नारायण मेघाजी लोखंडे, जन्म १८४८, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांमध्ये दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या, पण फक्त मुलांना, आणि मुलं म्हणजे कोण, तर सात ते बारा वर्षांची! मोठ्यांसाठी काहीच नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन केलं. मागण्या वाचल्या तर आज नवल वाटेल इतक्या साध्या. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अपघात झाला तर भरपाई. रविवारच का? खंडोबाचा वार म्हणून, असं सांगितलं जातं. इंग्रजांचा रविवार आणि जेजुरीचा रविवार एकच निघाला, हे बरंच झालं.

सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन स्त्री कामगार उभ्या राहून बोलल्या. हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं. १८९० साल! आपल्या पणज्या तेव्हा घुंगटात होत्या. अखेर १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या, १८९१ च्या कायद्याने स्त्री कामगारांचे तास अकरापर्यंत मर्यादित झाले. त्याच १८९० मध्ये लोखंड्यांनी मुंबईतल्या नाभिक बांधवांना एकत्र करून विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवायला लावलं. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करता करता ते गेले. २००५ मध्ये त्यांचं टपाल तिकीट निघालं. बाकी कोणाला नाव विचारून बघा. रविवारी बारापर्यंत झोपणाऱ्या आमच्या नातवालाही माहीत नव्हतं.

गिरणीची सुट्टी दुकानात यायला आणखी वेळ लागला. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने प्रत्येक दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणं सक्तीचं झालं. बी.कॉम.ला हा कायदा परीक्षेपुरता पाठ केला होता. सासरी आल्यावर त्याचा खरा अर्थ कळला, कारण दुकान बंद म्हणजे दीर, जाऊबाईंची मुलं, मुनीमजी, सगळे जेवायला घरी. २०१७ च्या नव्या कायद्याने दुकान सातही दिवस उघडं ठेवता येतं, पण कामगाराला आठवड्यातून एक सुट्टी द्यावीच लागते. म्हणजे सुट्टी दुकानाची राहिली नाही, माणसाची झाली. मला हा फरक आवडला. दुकान कुठे थकतं?

आता स्वयंपाकघराकडे येते, कारण तिथे यांपैकी एकही कायदा पोहोचला नाही. सरकारने २०१९ मध्ये लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ९७. जमाखर्च मांडायची सवय जात नाही, म्हणून २९९ ला सातने गुणलं. २,०९३ मिनिटं, म्हणजे आठवड्याला जवळपास पस्तीस तास, आणि भागाकारात सुट्टीचा वार कुठेच नाही.

मग आपल्या बायकांना विसावा नव्हताच का? होता, आणि तो सुट्टी म्हणून कोणी मोजलाच नाही. श्रावकाच्या बारा व्रतांतलं अकरावं व्रत पौषध. त्यात चार गोष्टी सोडायच्या. आहार, शरीराची सजावट, अब्रह्म आणि व्यापार. इथे व्यापार म्हणजे दुकान नव्हे, संसाराची सगळी उठाठेव. चुलीपासून तिजोरीपर्यंत सगळं. माझ्या सासूबाई चौदसला स्थानकात पोसह घेऊन बसायच्या, तेव्हा घरात कितीही पाहुणे येवोत, त्यांना हाक मारायची कोणाची छाती नव्हती. हे जमत होतं, कारण घरात चार सुना होत्या आणि पाळी लावलेली होती. आता घरात एक सून, तीही नोकरीवाली. तिचा मोकळा दिवस रविवार, आणि त्या दिवशीच सगळे घरात.

भगवतीसूत्राच्या बाराव्या शतकात शंख श्रावकाची कथा आहे, ती यासाठी पुन्हा वाचली. श्रावस्तीचे श्रावक ठरवतात, भरपूर भोजन तयार करवू, मिळून जेवू आणि मग पाक्षिक पौषध करू. आपण ज्याला दया पाळणं म्हणतो तसंच. पण घरी गेल्यावर शंखाच्या मनात आलं की एकट्याने निराहार पौषध करावा, आणि पत्नी उत्पलेला सांगून ते पौषधशाळेत बसले. इकडे जेवण तयार, शंखांचा पत्ता नाही, तेव्हा पुष्कली श्रावक बोलवायला आले. उत्पला उठली, सात-आठ पावलं सामोरी गेली, आसन दिलं, विचारपूस केली. दुसऱ्या दिवशी बाकीचे शंखांवर रागावले, तेव्हा प्रभूंनी त्यांना समजावलं की शंखांची निंदा करू नका.

कथा शंखांच्या जागृतीची आहे हे मान्य. पण मूळ प्राकृतातलं भोजनाचं क्रियापद 'शिजवा' असं नाही, 'शिजवून घ्या' असं आहे. कोणाकडून, ते लिहिलेलं नाही. आणि दार उघडायला उत्पला होतीच. पुढच्याच उद्देशकात जयंती श्राविका प्रभूंना प्रश्नावर प्रश्न विचारते, म्हणून आगमांवर रुसायला जागा नाही. पण उत्पलेला पौषध कधी मिळाला असेल?

हे मी आमच्या मंडळात बोलले, तेव्हा एक ताई म्हणाल्या, "आम्ही बसलो तर घरातल्यांना जेवायला कोण घालणार?" त्यावर दुसऱ्या ताईंनी पंचांग काढलं. आठम आणि चौदस मिळून वर्षात साधारण सात वेळा रविवारी येतात. त्या दिवशी हिरवी भाजी नाही, निवडणं-चिरणं नाही. मुगाची खिचडी, कढी, पापडाची भाजी, जमलं तर मंगोडी. एवढं आपल्या घरातल्या पुरुषांना सूर्यास्ताच्या आत जमायला हरकत नाही. चातुर्मासात येणाऱ्या अशा पहिल्या रविवारी आम्ही नऊजणी दया पाळणार आहोत. खिचडीत पाणी किती घालायचं, ते कागदावर लिहून डब्यावर चिकटवून ठेवलं आहे.