फिलाडेल्फियातले दोन दरवाजे

माझी पुतणी पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या फेब्रुवारीत रात्री तिचा फोन आला. "काका, मार्चअखेर मुख्य विषय कळवायचाय. बाबा म्हणतात बिझनेस घे, मला डॉक्टर व्हायचंय. तुम्ही इतिहासवाले, तुम्हीच सांगा." शिक्षणाचे कर्ज माझ्या धाकट्या भावाच्या नावावर आहे आणि तारण आहे आमचे कल्याणचे राहते घर. त्यामुळे प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता. सल्ला द्यायचा सोडून मी सवयीप्रमाणे जुन्या तारखा उलगडत बसलो.

कल्याण म्हटले की मराठी माणसाला आनंदीबाई जोशी आठवणारच. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्याच वर्षी त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात नाव घातले. वय अठरा. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या या मुलीची गोष्ट आपल्याला पाठ आहे, म्हणून ती पुन्हा सांगत नाही. मला या वेळी वेगळेच जाणवले. तिला कोणी 'आधी पदवी घेऊन ये' असे म्हटले नाही. घरी नवऱ्याकडून शिकलेली, मिशनच्या शाळेत काही काळ गेलेली मुलगी थेट वैद्यकीच्या वर्गात बसली आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडली. परदेशी असणे हाही तिथे अडथळा नव्हता. जपानची केई ओकामी, सीरियाची सबात इस्लामबूली आणि नऊवारीतल्या आनंदीबाई यांचे १८८५ चे एकत्र छायाचित्र प्रसिद्धच आहे.

याच गावात स्कूलकिल नदीच्या पलीकडे तेव्हा दुसरा एक दरवाजा नुकताच उघडला होता. जोसेफ व्हार्टन या क्वेकर कारखानदाराने एक लाख डॉलर देऊन १८८१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हार्टन स्कूल काढले. तोवर धंदा शिकायचा तो पेढीवर, खातेवह्या उतरवून. तो विद्यापीठात शिकवायचा ही कल्पनाच नवी होती. तिथल्या अगदी पहिल्या पदवीधरांत, १८८४ साली, शिबा शिरो नावाचा एक जपानी तरुण होता. १८६८ च्या यादवीत धुळीला मिळालेल्या आयझू संस्थानच्या सामुराई घराण्यातला. म्हणजे १८८३-८४ च्या हिवाळ्यात एक ब्राह्मण मुलगी आणि एक सामुराई मुलगा एकाच शहरात, एक वैद्यक आणि एक व्यापारशास्त्र शिकत होते. मी कादंबरीकार असतो तर दोघांची गाठ घालून दिली असती. कादंबरी लिहिली ती मात्र शिबाने. मायदेशी परतून त्याने व्यापार केला नाही. फिलाडेल्फियातच सुरू होणारी, बलाढ्य राष्ट्रांनी भरडलेल्या देशांची भलीमोठी कथा लिहिली, ती जपानात गाजली, आणि पुढे तो राजकारणात शिरला. आनंदीबाईंना कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूक मिळाली, पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या क्षयाने गेल्या.

तेव्हा दोन्ही दरवाज्यांचे उंबरठे जवळपास सारख्या उंचीचे होते. वैद्यकाचा उंबरठा नंतर उंच झाला. १८९३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सने आधी पदवी हवी अशी अट घातली, पण सगळीकडे उलथापालथ केली ती १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने. अब्राहम फ्लेक्सनर हा डॉक्टर नव्हता, शाळामास्तर होता. अमेरिका-कॅनडातली १५५ वैद्यकीय कॉलेजे पाहून त्याने लिहिले की आधी किमान दोन वर्षे कॉलेजात विज्ञान शिकलेल्यालाच प्रवेश द्यावा. रोग्यांच्या दृष्टीने ते योग्यच होते, कारण बाजारू कॉलेजांचा तिथे सुळसुळाट झाला होता. पुढे दोनाची चार वर्षे झाली. आज माझ्या पुतणीला चार वर्षे कॉलेज, चार वर्षे वैद्यक आणि त्यानंतर किमान तीन वर्षे रेसिडेन्सी दिसते. बिझनेसवाला बाविसाव्या वर्षी नोकरी शोधू लागतो.

भावाला मी हे सांगितले तर तो म्हणाला, "दादा, अमेरिकेत आपले इतके डॉक्टर आहेत की!" आहेत, पण ते या वाटेने गेलेले नाहीत. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर जी लाट गेली ती प्रामुख्याने इथून एमबीबीएस होऊन गेलेल्यांची. त्यांच्या शिक्षणाचा खर्च बहुतेक आपल्या सरकारने केला होता. १९७६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने डॉक्टरांचा तुटवडा संपला असे कायद्यातच लिहिले आणि ती वाटही अरुंद केली. तिथल्या कॉलेजात शिकून तिथेच वैद्यकाला जाऊ पाहणारा परदेशी विद्यार्थी ही वेगळीच जात आहे. बहुतेक वैद्यकीय कॉलेजे त्याचा अर्ज घेतच नाहीत. घेणाऱ्यांतली काही चार वर्षांची फी आगाऊ ठेव म्हणून मागतात. तिथले सरकारी कर्ज त्याला मिळत नाही. बिझनेसची वाटही काही राजमार्ग नाही म्हणा. पदवीनंतर साधारण वर्षभर काम करण्याची मुभा असते, मग एच-वन-बीची सोडत.

हे सगळे मी तिला सांगितले. शेवटी एक गोष्ट तिनेच मला सांगितली, जी माझ्या ध्यानात यायला हवी होती. वैद्यकाला जायचे तर मुख्य विषय कोणताही चालतो, ठरावीक विज्ञानाचे पेपर झाले म्हणजे पुरे. फ्लेक्सनरनेही विज्ञानच मागितले होते. "मग मार्चमध्ये ठरवायचं काय होतं?" मी विचारले. ती म्हणाली, "बाबांना काय सांगायचं ते."

तिने बिझनेस कळवले. सेंद्रिय रसायनाची प्रयोगशाळा सकाळी आठला असते, तीही चालू आहे. परदेशी अर्ज घेणाऱ्या कॉलेजांची यादी तिने मला पाठवली, ती एका पानात मावली. भाऊ फोनवर फक्त बिझनेसच्या मार्कांची चौकशी करतो. हप्ते पदवीनंतर सुरू व्हायचे आहेत.